पहिली छोटी शिडाची यॉट निवडताना: तळापासून वर पाहा

विक्रीला काढलेल्या बोटीवर चढलं की नजर आधी गाद्या, पडदे, पॉलिश केलेलं लाकूड आणि समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या नव्या चार्टप्लॉटरवर जाते. या सगळ्या गोष्टी चार सुट्यांत बदलता येतात. हलचा (बोटीच्या धडाचा) आकार, कीलचा (तळाखालच्या वजनदार पात्याचा) प्रकार आणि बोट किती खोल बुडते हे मात्र कधीच बदलत नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरा गट येतो: डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा, शिडं, इंजिन आणि डेकच्या आतलं लाकूड. ते बदलता येतं, पण त्याचा खर्च कित्येकदा जुन्या बोटीच्या किमतीइतका होतो. म्हणून क्रम असा ठेवा: जे बदलत नाही ते आधी ठरवा, जे महागात बदलतं ते कसून तपासा आणि जे स्वस्तात बदलतं त्याकडे पाहून भाव ठरवू नका.

इथे १८ ते २८ फुटांच्या बोटी आणि किनाऱ्यालगतचा प्रवास गृहीत धरला आहे. म्हणजे उजेडात निघायचं, उजेडात पुढच्या बंदरात किंवा खाडीत पोचायचं, रात्री बोटीवरच झोपायचं आणि हवामान बिघडणार असेल तर नांगर उचलायचाच नाही.

आधी पाणी, मग बोट

बोट कुठे उभी राहणार हे ठरण्याआधी जाहिराती चाळण्यात अर्थ नाही. मुरिंगची (पाण्यातल्या पक्क्या बोयाला बोट बांधायची) किंवा धक्क्यावरची जागा शोधा आणि उधाणाच्या ओहोटीला तिथे किती पाणी उरतं ते विचारा. या एका उत्तराने निम्म्या बोटी यादीतून गळतात.

ओहोटीलाही दोन मीटर पाणी राहत असेल तर फिन कील घ्या. ही एकच, अरुंद आणि खोल कील असते आणि २४ ते २६ फुटी बोटीत ती साधारण १.२ ते १.५ मीटर खाली जाते. वाऱ्याच्या तोंडावर चढायला, म्हणजे वाऱ्याविरुद्ध पुढे सरकायला, तिच्यासारखी दुसरी नाही, वळतेही चटकन. पण जमिनीला टेकली की बोट कुशीवर कलंडते.

ओहोटीला चिखल उघडा पडत असेल तर शेजारी-शेजारी दोन कील असलेली बोट सोयीची. ती दोन पायांवर सरळ उभी राहते आणि ड्राफ्ट (बोट बुडते ती खोली) ०.७ ते ०.९ मीटरमध्ये भागतो. बदल्यात वाऱ्यावर थोडी कमी चढते आणि कललेली असताना लाटा बाहेरच्या कीलखाली आपटतात, तो आवाज आतल्या माणसाला ऐकू येतो. तळ मऊ चिखलाचा असेल तरच ही सोय खरी. खडकाळ किंवा वाळूच्या कडक तळावर लाटेसरशी उचलून आपटणारी बोट कीलच्या मुळाशी तडकते.

बोट घराजवळ ठेवून ट्रेलरवरून न्यायची असेल तर वर उचलता येणारी कील हवी. ती उचलल्यावर बोट जेमतेम अर्ध्या मीटर पाण्यात तरंगते. पण तिची पेटी केबिनच्या मधोमध जागा खाते, फटीत खडे अडकून कील खाली येत नाही आणि जिच्यावर ती फिरते ती पिन व उचलणारी तार दोन्ही झिजतात. या दोन गोष्टी दरवर्षी पाहाव्याच लागतात. ट्रेलरचा विचार करणाऱ्यांनी वजनाचा हिशेबही पुरा करावा: कागदावर ९०० किलोची बोट इंजिन, इंधन, पाणी, नांगर, सामान आणि खुद्द ट्रेलर धरून रस्त्यावर सहज १,४०० किलोच्या घरात जाते. गाडीची ओढण्याची क्षमता या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहा.

जुन्या बोटींत लांब कीलही भेटते. अशी बोट सरळ रेषा धरून चालते आणि तिचं सुकाणू कीलच्या मागे सुरक्षित असतं. इंजिनवर मागे घेताना मात्र ती कुठे जाईल ते सांगता येत नाही. दाटीच्या धक्क्यावर जागा मिळाली असेल तर हे विसरू नका.

लांबीचा मोह

मोठी बोट जास्त वेगाने जाईल, हा समज या आकारात फारसा खरा ठरत नाही. पाणी कापत चालणाऱ्या हलचा कमाल वेग पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. पाण्यालगत १८ फूट असेल तर ५.७ नॉट, २४ फूट असेल तर ६.६. हा झाला वरचा पल्ला. प्रवासाचा बेत ताशी ४ ते ४.५ सागरी मैलांवरच आखायचा, म्हणजे सहा तासांत सुमारे २५ मैल. एवढ्या अंतरात एक नॉट जास्त असलेली बोट तासाभराहून थोडाच जास्त वेळ वाचवते.

वजन मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. २४ फुटांवरून ३० फुटांवर गेलं की सारख्या बांधणीच्या बोटीचं वजन जवळपास दुप्पट होतं. त्याबरोबर शिडाच्या दोरांवरचा ताण, नांगराचं वजन, तळाला लावायचा रंग आणि धक्क्याचं भाडं, सगळंच वाढतं. पहिल्या बोटीसाठी आमचा कल २२ ते २६ फुटांकडे आहे. हिला एक माणूस धक्क्यापासून हाताने ढकलून दूर ठेवू शकतो, पुढचं शीड एकट्याने उतरवू शकतो, आणि त्यामुळे सोबतीला कोणी नसलं तरी बोट बाहेर पडते.

केबिनमध्ये सरळ उभं राहता येतं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. २४ फुटांखाली ती उंची मिळवायची तर बाजू आणि केबिनचं छत उंच करावं लागतं. मग वारा त्या उंचीवर जोर धरतो, बोट नांगरावर डोलते आणि धक्क्याला लावताना आडवी सरकते. रात्री आडवं होण्यासाठी १.९ मीटर लांबीचे दोन सरळ बाक आणि बसल्यावर डोकं न आपटणारी उंची एवढं असलं की पुरतं.

स्थिरता किती हवी

एकूण वजनापैकी किती वजन कीलमध्ये आहे ते पाहा. ३५ ते ४५ टक्के असेल तर ठीक. त्याहून फार कमी असेल तर बोट रुंदीच्या आधारावर उभी असते: सुरुवातीला ताठ, पण जास्त कलली की परत उठायला अशक्त.

युरोपात १९९८ पासून नव्या बोटींना किती वारा आणि लाटा झेपतील त्यानुसार A, B, C, D अशा चार श्रेणींपैकी एक द्यावी लागते. तिसरी श्रेणी ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापपट्टीवर ६ पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि २ मीटरपर्यंतच्या लाटांसाठी, दुसरी ब्यूफोर्ट ८ आणि ४ मीटरसाठी. किनाऱ्यालगत तिसरी किमान धरा, दुसरी असेल तर उत्तम. चौथी श्रेणी फक्त आडोशाच्या पाण्याची. त्याआधीच्या बोटींना अशी श्रेणी नसते, म्हणून त्या कमजोर असतात असं नाही.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळानंतर बोट उलटण्याचा धोका चाचपणारं एक सूत्र रूढ झालं: पौंडांतल्या वजनाला ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि फुटांतल्या रुंदीला त्या घनमुळाने भागा. उत्तर २ पेक्षा कमी यावं. ८ फूट रुंद आणि ५,००० पौंडांच्या बोटीचं उत्तर १.८७ येतं. हे सूत्र वजन खाली आहे की वर हे पाहत नाही, त्यामुळे केवळ चाळणी म्हणून वापरा.

नावाजलेल्या बोटींबद्दल थोडंसं

हजारोंनी बनलेली बोट घेण्याचा फायदा असा की तिची दुखणी सगळ्यांना ठाऊक असतात. वेस्टर्ली सेंटॉर २६ फुटी, दुहेरी कीलची, १९६९ ते १९८० मध्ये २,४०० हून अधिक बनली. प्रशस्त आणि भरवशाची आहे, पण कीलच्या मुळाशी हल मजबूत केला आहे का ते बघावंच लागतं. कॅटॅलिना २२ ही १९६९ पासूनची, १५,००० हून अधिक बनली. झुलत्या कीलच्या नमुन्यात पिन आणि तार तपासा. अल्बिन वेगा ही सडपातळ २७ फुटी बोट स्वभावाने शांत आहे. कॉन्टेसा २६ फोकबोट या जुन्या स्कॅन्डिनेव्हियन बोटीच्या वळणाची, लाटांत सुंदर चालणारी, पण आत अरुंद. एवढं असलं तरी नावावर बोट घेऊ नका. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटी चाळीस वर्षांनी दोन वेगळ्या बोटी झालेल्या असतात.

तपासणी: कुठे हात लावायचा

बोट पाण्याबाहेर असताना एकदा आणि पाण्यात असताना एकदा पाहावी. सोबत टॉर्च, छोटा आरसा, भिंग, स्क्रूड्रायव्हर आणि प्लॅस्टिकची हातोडी न्या. जुने कपडे घाला, कारण खरं काम बाकांखाली सरपटत होतं.

सुरुवात कीलच्या सांध्यापासून. कील आणि हल यांच्या मधल्या रेषेत भेग, गंजाचे ओघळ किंवा पाझरणारं पाणी दिसतं का? बोट पट्ट्यांवर उचलली जात असेल तर त्या क्षणी हजर राहा. कील लटकल्यावर सांध्याच्या पुढच्या टोकाला फट उघडली तर बोल्ट ढिले किंवा गंजलेले आहेत. मग आत जाऊन तळावरच्या फळ्या उचला आणि कीलच्या मागच्या टोकाजवळची जागा पाहा. खडकावर आपटलेल्या बोटीची कील पुढे अडते आणि तिचं मागचं टोक वर हलमध्ये घुसतं. तिथल्या आडव्या फासळ्या हलपासून सुटलेल्या असतील, केसासारख्या भेगा असतील किंवा नुकताच रंग फासलेला असेल, तर विक्रेत्याला थेट विचारा.

पुढे सुकाणू. त्याचं खालचं टोक धरून आडवं आणि पुढे-मागे हलवा. किंचित खेळ चालतो, खडखडाट नाही. बोट कित्येक दिवस कोरडी उभी असूनही सुकाणूतून थेंब गळत असतील तर आतला फोम भिजला आहे आणि आतली लोखंडी पट्टी गंजत असणार.

हलवर पाण्याखालच्या भागात फोड असतात का ते तिरक्या उजेडात पाहा. फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं पाणी आलं तर ते ऑस्मोसिस. जुन्या जाड फायबरग्लास हलमध्ये चार-दोन फोड म्हणजे संकट नव्हे. भावात घासाघीस करायला तेवढं कारण पुरतं. घाबरायचं ते डेकला.

बहुतेक डेक फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्साचं किंवा प्लायवूडचं लाकूड घालून केलेलं असतं. कठड्याचे खांब, दोर ओढायचे विंच, दोर अडकवायचे क्लीट आणि डोलकाठीच्या तारा जोडायच्या पट्ट्या यांच्या स्क्रूंभोवतीचं सीलंट सुकतं, पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने दर हातभर अंतरावर ठोकत जा. टणक, स्पष्ट आवाज म्हणजे लाकूड शाबूत, मंद आणि बसका म्हणजे ओलं किंवा सुटलेलं. पायाखाली दबणारी जागा असेल तर वरचा थर कापून लाकूड बदलावं लागतं, आणि ते काम आठवड्यांचं असतं. अशी एखादी हातभर जागा चालेल, अर्ध्या डेकला असेल तर बोट सोडून द्या.

लहान बोटीत डोलकाठी बहुधा डेकवर उभी असते आणि तिचा भार आतल्या खांबावर किंवा आडभिंतीवर येतो. तिच्या पायाशी डेक खचलेलं आहे का पाहा. शौचालयाचं दार घासत असेल किंवा लागत नसेल तर तीच खूण आहे: आतली भिंत दबली आहे.

तारा एकोणीस पदरी स्टेनलेस पोलादाच्या असतात, या आकाराला ४ ते ५ मिलिमीटर. टोकाशी जिथे तार दाबून बसवलेली असते तिथे भिंगाने तडे शोधा आणि चिंधी फिरवून पाहा. एखादा पदर जरी तुटून चिंधीत अडकला तर ती तार संपली. तारांचं वय विचारा, कारण १० ते १५ वर्षांच्या तारा बदलण्याचा आग्रह कित्येक विमा कंपन्या धरतात. तारा जिथे डेकमधून आत उतरतात त्या पट्ट्यांचा लपलेला भाग सर्वांत धोक्याचा. स्टेनलेस पोलादाला हवा मिळाली नाही की ते ओलाव्यात आतून खाल्लं जातं आणि बाहेरून चकाकतच राहतं. तिथे आडभिंतीवर तपकिरी डाग किंवा मऊ प्लायवूड दिसलं की पट्टी काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी हलमधून पाणी आत-बाहेर नेणारे कॉक. प्रत्येकाचा दांडा पाव फेरा पूर्ण फिरला पाहिजे. बागेतल्या नळासारखं गोल चाक असलेले पितळी व्हॉल्व्ह काढून टाकायचेच. स्क्रूड्रायव्हरने हळूच खरवडल्यावर धातू पिवळा न दिसता गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि तो एका धक्क्याने तुटू शकतो. हे भाग स्वस्त आहेत, पण बोट बुडवायला एक पुरतो.

इंजिन

दोन टनांपर्यंतच्या बोटीला ४ ते ६ अश्वशक्तीचं बाहेरचं पेट्रोल इंजिन पुरतं. ते दुरुस्तीला हातात उचलून नेता येतं आणि केबिनची जागा खात नाही. पण मागे लटकणाऱ्या इंजिनचा पंखा लाटांत पाण्याबाहेर येतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी जोर जातो. म्हणून २० इंची लांब दांड्याचं इंजिन घ्या, १५ इंची नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. टाकी अशा कप्प्यात हवी ज्याचं खालचं भोक केबिनमध्ये न उघडता थेट बाहेर उघडतं. स्वयंपाकाच्या गॅसलाही हाच नियम.

आतलं डिझेल असेल तर विक्रेत्याला आधी कळवा की तुम्ही येण्यापूर्वी ते चालू करू नये. पोचल्यावर इंजिनवर हात ठेवा, थंड हवं. तेलाची पट्टी काढा, दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलं आहे. चालू झाल्यावर एक्झॉस्टमधून लगेच पाणी उडतं का पाहा. प्रवाह बारीक असेल तर कारण बहुधा पाणी ओढणाऱ्या पंपातला झिजलेला रबरी इंपेलर किंवा मीठ आणि काजळीने तुंबलेला एक्झॉस्टचा वाकडा पाइप, दोन्ही दुरुस्त होतात. निळा धूर टिकून राहिला तर तेल जळतं आहे, तो खर्च मोठा. काळा धूर म्हणजे ओझं जास्त किंवा हवा कमी, कधी कधी फक्त पंख्यावर शिंपले चिकटलेले असतात. सुरुवातीचा पांढरा धूर थंड दिवशी चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर मेकॅनिकला दाखवा.

शिडं आणि कॉकपिट

शिडाचं कापड हातात चुरगाळा. नवं कापड कुरकुरतं, संपलेलं कापड चादरीसारखं मऊ पडतं. शिवणीचा दोरा नखाने खरवडून तुटला तर उन्हाने तो खाल्ला आहे. कापड चांगलं असेल तर पुन्हा शिवता येतं. मुख्य शिडाला लहान करण्यासाठी रीफच्या दोन ओळी हव्यात, एकीवर भागत नाही. शीड उभारण्याचे आणि रीफचे दोर कॉकपिटपर्यंत आणलेले असतील तर डोलकाठीपाशी उभं राहण्याची वेळ कमी येते. या आकारात चाकापेक्षा टिलरच (सुकाणूचा दांडाच) बरा: भाग कमी, आणि बोट काय म्हणते ते थेट तळहाताला कळतं.

नांगर बोटीसोबत येतोच, पण बहुधा हलका. २२ ते २६ फुटांना ७ ते १० किलोचा, त्याला ८ मिलिमीटरची किमान १० मीटर साखळी आणि पुढे दोर. पाण्याची खोली, वाढणारी भरती आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून तिच्या सहापट दोर-साखळी सोडता आली पाहिजे, सगळी साखळी असेल तर चौपट.

दिव्यांचं एक तपासा. डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी दिवा फक्त शिडावर चालताना लावायचा असतो. इंजिन चालू केलं की नियमाने बोट यांत्रिक ठरते आणि तेव्हा खालचे लाल-हिरवे दिवे, मागचा पांढरा आणि पुढे रोखलेला पांढरा दिवा हवा. कित्येक जुन्या बोटींत यातला एखादा बंद असतो.

पाण्यातली चाचणी

१० ते १५ नॉट वारा असलेला दिवस निवडा. निवांत पाण्यात सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात.

१. धक्क्यावरून इंजिनवर बाहेर पडा, मोकळ्या पाण्यात दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवा. तापमान आणि धूर पाहा, फळी उचलून गळती पाहा. मग मागे घेऊन शेपूट कुठल्या बाजूला ओढलं जातं ते ध्यानात ठेवा.

२. शिडं चढवा, वाऱ्याच्या तोंडावर १५ ते २० अंश कलून चालवा. टिलर दोन-तीन बोटांनी धरता यावा. सोडल्यावर बोट सावकाश वाऱ्याकडे वळावी. दोन हातांनी ओढावं लागत असेल तर आधी मुख्य शीड रीफ करून पाहा. तरीही जोर लागत असेल तर शीड ताणून पोटाळलं आहे किंवा डोलकाठीची मांडणी चुकली आहे. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तार थोडी सैल पडते, पण लोंबकळू नये.

३. एकट्याने रीफ करा, बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. हे दहा मिनिटांत जमलं नाही तर दोर कुठे अडकतो ते टिपून घ्या.

४. पाण्यात पडलेला माणूस स्वतः शिडी खाली ओढू शकतो का ते पाहा. बहुतेक शिड्या फक्त वरून सुटतात. छोट्या बोटीतही ओले कपडे घातलेला माणूस हातांच्या बळावर वर येऊ शकत नाही.

५. परतल्यावर पुन्हा फळ्या उचला. सकाळी कोरडा असलेला तळ ओला झाला असेल तर बोटाने चव घ्या. खारं असेल तर ते बाहेरून आलं आहे, गोडं असेल तर टाकी किंवा पाइप.

पैसा आणि कागद

सगळा पैसा खरेदीत घालू नका, किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी ठेवा. तारा, शिडं आणि इंजिन या तिघांपैकी दोन संपत आलेले असतील तर ती बोट फुकट मिळाली तरी महाग पडते. इसार देताना लेखी अट घाला की पाण्याबाहेरची तपासणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार पुरा होईल. स्वतः सगळं पाहिलं असलं तरी सर्व्हेअर घ्या, आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा. विम्यालाही त्याचा अहवाल लागतो. त्याच्यासोबत बोटीवर हजर राहा, कारण कागदावर न उतरणाऱ्या गोष्टी तो तोंडी सांगतो.

हलवरचा क्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी जुळवा. मालकीची आधीपासूनची साखळी आणि बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावा मागा. शेवटचा हप्ता देण्याआधी जुन्या मालकासोबत एक तास बसा आणि विचारून घ्या: प्रत्येक कॉक कुठे आहे, कोणता फ्यूज कशाचा, इंपेलर शेवटचा कधी बदलला, पंख्याचं माप काय, पाण्याबाहेर उचलताना पट्ट्या हलवर नेमक्या कुठे लावतात. त्या जागांवर तिथल्या तिथे बाहेरून चिकटपट्टीची खूण करा.